भीतीचा आकडा

जगात नाना प्रकारची माणसे आहेत. काही विंचवाला भितात, काही साहेबाला भितात, काही इन्कमटॅक्सला भितात, आणि ज्यांच्याजवळ इन्कमटॅक्सवाल्याने यावे असे काही नाही ते भुताला भितात. 'आपण बुवा कशालाच भीत नाही' असे छाती काढून सांगणारेही भेटतात. दाढ काढायच्या दिवशी हेच गृहस्थ दवाखान्याच्या पायरीवर चपला हातात घेऊन बसलेले दिसतात आणि 'आज डॉक्टरांना फार गर्दी आहे, उद्या बघू' असे आपल्याला समजावतात. आत एक कंपाउंडर सोडला तर कोणी नसते.

माझे म्हणाल तर मी रीतसर भित्रा आहे. छत्तीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळांतून मास्तरकी केली, म्हणजे छत्तीस वर्षे दुसऱ्याला भीती दाखवण्याचा सरकारी पगार घेतला. त्यामुळे या विषयातला माझा अभ्यास दोन्ही बाजूंनी झालेला आहे.

आमचे माजलगाव मात्र भित्रे गाव नाही. सिंदफणेच्या काठी, उशाशी साडेसहा किलोमीटर लांबीची धरणाची भिंत घेऊन झोपणाऱ्या गावाला भित्रे असून परवडतच नाही. पाऊस पडला नाही तर धरण कोरडे म्हणून धास्ती, पाऊस पडला तर दारे उघडतील म्हणून धास्ती. मधले चार दिवस आम्ही अगदी निवांत असतो. तेवढ्यात ऊसदराची काळजी करून घेतो.

अशा या गावाजवळ, दहाएक किलोमीटरवर, लऊळ नावाचे खेडे आहे. डिसेंबर २०२१ पर्यंत लऊळचे नाव तालुक्याबाहेर फारसे कोणाला ठाऊक नव्हते. मग एका आठवड्यात ते लंडन-न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांत झळकले. बातमी अशी की, लऊळमध्ये माकडांनी कुत्र्यांविरुद्ध युद्ध पुकारले असून अडीचशे कुत्री ठार केली आहेत. कारणही छापून आले. कुत्र्यांनी म्हणे माकडाचे एक पोर मारले होते, त्याचा हा सूड. आता, शहरातले लोक सरसकट 'माकड' म्हणतात. आमच्याकडे लाल तोंडाचे ते माकड आणि काळ्या तोंडाचे, लांब शेपटीचे ते वानर. ही वानरे होती. हनुमंताच्या घराण्यातली असल्याने त्यांच्यावर दगड उचलायचा म्हटले तरी आधी हात जोडावे लागतात.

मला या बातमीतला आकडा फार आवडला. तो कसा वाढत गेला हे मी माझ्या ओट्यावर बसून पाहिले आहे. सकाळी दूधवाला म्हणाला, ''लऊळात वानरं पिल्लं न्यायलेत म्हणे. पंधरा-वीस गेली.'' दहा वाजता दाढी करायला गेलो तर दुकानात पन्नास झाली होती. दुपारी औषधाच्या दुकानात शंभर. संध्याकाळी पुण्याहून भाच्याचा फोन आला, ''मामा, अडीचशे! तुम्ही लोक सुखरूप आहात ना?'' आणि दोन दिवसांनी अमेरिकेतल्या चुलतभावाने फोन करून विचारले की, गावात कर्फ्यू लागला आहे का. जो जितका लांब, त्याचा आकडा तितका मोठा. लऊळ आणि न्यूजर्सी यांच्यामध्ये नुसता समुद्र नाही, दोनशेतीस कुत्री आहेत.

त्याच सुमारास लऊळचा माझा एक जुना विद्यार्थी बाजारात भेटला. आता दोन पोरांचा बाप आहे, पण मला पाहिले की अजून विडी पाठीमागे धरतो. मी म्हटले, ''काय रे, अडीचशे?''

''कोण मोजलेत, गुरुजी?''

''मग किती?''

''लोक म्हणतेत ते म्हणतेत.''

''तुझ्या डोळ्यांनी किती?''

तो थांबला. मनात हिशेब केला. आणि बोर्डापुढे उभा राहून पाढा आठवावा तसा म्हणाला, ''माझ्या डोळ्यांनी म्हणाल तर दोन.''

छत्तीस वर्षांत मी मुलांना पुष्कळ प्रश्न विचारले, त्यातले निम्मे पुस्तकामागेच छापलेले होते. हा एक प्रश्न तेवढा माझा स्वतःचा. 'तुझ्या डोळ्यांनी किती?' त्या पोराच्या चेहऱ्यावर जे मी पाहिले ते सांगतो. 'दोन' म्हणताना त्याचे खांदे जरा खाली आले. अडीचशेचे ओझे तो दहा किलोमीटर वाहून आणत होता आणि बाजारात त्यातले दोनशेअठ्ठेचाळीस उतरवले गेले.

यावरून भीती खोटी असते असा निष्कर्ष कोणी काढू नये. दोन पिल्ले खरीच गेली होती. आणखीही कोणाच्या डोळ्यांदेखत दोन-दोन, चार-चार गेली असतील. पोरांना शाळेत एकटे पाठवायला आया धजत नव्हत्या, हेही खरे. पण वानरांचा सूडबिड काही नव्हता, असा खुलासा पुढे झाला. वानर पिल्लाला उचलून पोटाशी धरायचे, त्याच्या अंगावरचे किडे वेचायचे आणि त्याला झाडावर नाहीतर एखाद्या उंच धाब्यावर घेऊन बसायचे. वानराच्या पोराला आईच्या पोटाला घट्ट चिकटून राहता येते. कुत्र्याच्या पिल्लाला ती विद्या नसते, आणि झाडावरून उतरायची तर नसतेच नसते. बिचारे उपासाने मरायचे किंवा पडून. म्हणजे ज्याला सारे जग महायुद्ध समजत होते तो बहुधा लाड करण्यातला अडाणीपणा होता! वनखात्याच्या पथकाने डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात दोन वानरे पकडली आणि पिंजऱ्यातून नेली. गाव शांत झाले. न्यूयॉर्कचेही झाले असावे.

'तुझ्या डोळ्यांनी किती' हा प्रश्न माझा, असे मी वर मोठ्या ऐटीत म्हटले. पण आपल्या देशात काहीही नवे सुचले की ते कोणत्यातरी उपनिषदात आधीच निघते. बृहदारण्यकात एक गोष्ट आहे. सृष्टीच्या आरंभी एकटा आत्माच होता. त्याने चहूकडे पाहिले, स्वतःखेरीज कोणी दिसले नाही, आणि तो घाबरला. हे मला विलक्षण वाटते. कुत्रा नव्हता, वानर नव्हते, तहसीलदार नव्हता, कर्जाची नोटीस यायला पोस्ट नव्हते, तरी पहिल्या झटक्यात त्या आदिपुरुषाने केले काय, तर घाबरला! म्हणजे भित्रेपणात आपले घराणे किती जुने आहे पाहा. पुढे त्याने डोके चालवले. माझ्याशिवाय दुसरे कोणी नाहीच, तर मी भितो तरी कोणाला, असे त्याने स्वतःला विचारले, आणि भीती गेली. कारण भय वाटते ते दुसऱ्यापासून, असा त्याचा निवाडा उपनिषद देते. त्याने जप केला नाही, मूठ आवळली नाही, 'मी शूर आहे' असे शंभरदा म्हटले नाही. त्याने चौकशी केली. मला त्याच्यात एक चांगला हेडक्लार्क दिसतो.

अडचण एवढीच की, त्याच्या चौकशीत दुसरे कोणी सापडले नाही. आपल्या चौकशीत पुष्कळदा सापडते.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. आमच्याकडे नुसती भांडी वाजली, पण तिकडची वर्णने ऐकल्यावर सारा मराठवाडा घराबाहेर झोपायला लागला. दगडमातीच्या जाड भिंती आणि डोक्यावर मातीचे माळवद, ज्या घराने उन्हाळ्यात पिढ्यान् पिढ्या गारवा दिला त्या घराकडे माणसे चोरासारखी पाहू लागली. त्या वेळी काही शहाणे 'घाबरू नका, घरात झोपा' असे सांगत फिरत होते. आमच्या गल्लीत अंगणात झोपणारांनी त्यांचे ऐकले नाही हे उत्तम केले. किल्लारीत माणसे दबली ती अशाच भिंतींखाली. त्या भीतीचा आकडा खरा होता. पहिल्या रात्री सगळे रामनाम घेत बसले होते, तिसऱ्या रात्री कोणीतरी पत्त्यांचा जोड काढला, आणि आठव्या रात्री 'आता आत झोपायला हरकत नाही' असे म्हणणाऱ्यावर बायका चिडल्या. इतक्या वर्षांत त्यांना गप्पा मारायला अशी जागा मिळाली नव्हती. भीती होतीच. पण वीस खाटा एका ओळीत टाकल्यावर ती प्रत्येकाच्या वाट्याला फार थोडी आली.

आणि आमच्या जिल्ह्यातून दरसाल दिवाळीच्या सुमाराला लाखो माणसे ऊसतोडीला जातात, त्यांचे काय? जुन्नरकडच्या उसात बिबटे राहतात. राहतात म्हणजे अगदी बाळंतपणे उरकून राहतात. त्या उसाच्या कडेला पाचटाची कोपी घालून ही माणसे तान्ह्या पोरांसह रात्री काढतात. एका विद्यार्थ्याच्या आईला मी एकदा विचारले होते, ''बाई, तुम्हाला भीती नाही वाटत?''

''भेव तर वाटतंयच की, गुरुजी. पण उचल घेतलीया.''

''मग करता काय?''

''जाळ करतो. लेकरू मधी घेतो. एकजण जागं राहतं.''

यानंतर वर्षभराने मी एका प्रवचनाला गेलो होतो. 'भय हा केवळ मनाचा भ्रम आहे' असे वक्ते मोठ्या रसाळपणे सांगत होते. मंडपाला तिन्ही बाजूंनी कनाती होत्या, पंखे होते, आणि गेटवर दोन होमगार्ड होते. मला ती बाई आठवली. भ्रम मोडून काढण्याची सोय पक्क्या दाराच्या घरात असते. तिच्या कोपीला दारच नव्हते. तरी भीतीचे काय करायचे याची जी तीन वाक्ये तिने सांगितली त्यात प्रवचनापेक्षा जास्त माल होता. जाळ करतो, म्हणजे समोर काय आहे ते दिसते. लेकरू मधी घेतो, म्हणजे भीती कशासाठी आहे ते विसरत नाही. एकजण जागे राहते, म्हणजे बाकीच्यांना झोपता येते. (तिला हे विवरण ऐकवले असते तर ती 'गुरुजी, तुम्ही रिकामेच दिसता' म्हणाली असती.)

आमच्या आजीचीही पद्धत याच वळणाची होती. जुन्या घरात धान्य साठवायचे बळद होते. बिनखिडकीचे, काळेकुट्ट, आणि आत उंदरापासून ब्रह्मराक्षसापर्यंत सर्वांची सोय असलेले. संध्याकाळी तिथून डाळ काढून आणायला आजी मला पाठवी. मी रडे. आजीने 'आत काही नाही' असे एकदाही म्हटले नाही. ती म्हणे, ''जा, पण रामरक्षा मोठ्यांदा म्हणत जा. मला कळू दे कुठवर पोचलास ते.'' मी चिमणी घेऊन निघे. रामरक्षेचा प्रभाव राक्षसांवर किती पडत होता ते रामाला ठाऊक. मला एवढेच कळत होते की, ओसरीवर कोणीतरी कान देऊन बसले आहे. मी थांबलो की तिकडून आवाज येई, ''पुढं?'' त्या 'पुढं'च्या जोरावर मी डाळ आणली, मग गहू आणले, आणि पुढे तर त्याच बळदात चोरून चिंचा खायला बसू लागलो.

पुष्कळ वर्षांनी मानसशास्त्राच्या पुस्तकात वाचले की, १९२४ साली मेरी कव्हर जोन्स नावाच्या अमेरिकन बाईंनी हाच प्रयोग प्रसिद्ध केला. पीटर नावाचे तीनेक वर्षांचे पोर सशाला पाहून किंचाळत असे. बाईंनी काय केले, त्याला आवडीचा खाऊ देऊन बसवले आणि ससा पिंजऱ्यातून खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवला. रोज थोडा थोडा जवळ. न भिणारी दुसरी पोरेही त्याच्या आसपास खेळायला ठेवली. शेवटी पीटर सशाला कुरवाळू लागला. या प्रयोगाने बाई अमर झाल्या. आमच्या आजीने हा प्रयोग बळदावर केला. पण तिने तो इंग्रजीत लिहिला नाही आणि खाऊही दिला नाही, त्यामुळे शास्त्रात तिची नोंद नाही.

या दोघींपैकी कोणीही भीतीशी कुस्ती खेळायला सांगितले नाही, हे ध्यानात घ्या. जवळ जाऊन बघ, हळूहळू बघ, आणि एकटा जाऊ नकोस, एवढेच.

गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी गुणांची यादी आहे. दान, दया, सत्य वगैरे मंडळी मागाहून येतात. पहिल्या नंबरावर अभय. ज्ञानेश्वरांनी त्यावर बोलताना सोपा दाखला दिला आहे. जो महापुरात उडीच घेत नाही त्याला बुडण्याचे भय नाही, आणि जो पथ्याने राहतो त्याला रोगाचे भय नाही. हा दाखला मी वर्गात निदान वीस वेळा सांगितला असेल. पुरात उडी घेणारा माणूस नाही मी, त्यामुळे मला तो फार पटत असे. माउलींना त्याच्या पुढेही पुष्कळ जायचे होते, तिथे मी कधी गेलो नाही. माझे भागत होते.

२०२३ च्या पावसाळ्यात सौ.च्या छातीत गाठ लागली.

सौ. जन्मभर पथ्याने राहिली. एकादशी मोडली नाही, शिळे खाल्ले नाही, चहासुद्धा अर्धा कप. पूर तर तिने धरणाच्या भिंतीवरून पाहिला असेल तेवढाच. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला पाठवला आणि आठ दिवसांनी या म्हणाले. त्या आठ दिवसांत माझ्या लक्षात आले की, आकडा वाढायला न्यूजर्सीपर्यंतचे अंतर लागत नाही. एका खाटेपासून दुसऱ्या खाटेपर्यंतचे पुरते. मी रात्री दोन वाजता गच्चीवर फेऱ्या मारत असे. पहिल्या रात्री पंधरा-वीस होती, चौथ्या रात्री अडीचशे झाली. मुलांना काय सांगायचे, कोणत्या नातेवाइकाला केव्हा कळवायचे, इथपर्यंत माझी मजल गेली. तिच्या पातळांचे काय करायचे हे मनात आले तेव्हा मात्र मी कठडा धरून खाली बसलो.

पाचव्या दिवशी सकाळी चहाचा कप पुढे करत ती म्हणाली, ''अहो, डॉक्टरांनी गाठ केवढी सांगितलीय?''

''सुपारीएवढी.''

''मग तुम्ही तोंड नारळाएवढं कशाला केलंय?''

मला हसू आले नाही. तिलाही फारसे आले नसावे, कारण कप तिच्या हातात हलत होता. तो तिने खाली ठेवला, दुधाच्या हिशेबाची वही घेतली आणि मागचे पान फाडून माझ्यापुढे सरकवले. ''तुमचं अक्षर चांगलं आहे. लिहा, काय काय विचारायचं ते. तिथं गेल्यावर तुम्हाला काही सुचत नाही.'' आम्ही दोघांनी बसून अकरा प्रश्न काढले. गाठ वाईट निघाली तर पुढे काय. ऑपरेशनला किती दिवस. खर्च किती. केस जातात का. वर्षश्राद्धाचा स्वयंपाक जमेल का. (हा तिचा. माझ्या आईच्या श्राद्धाला दीड महिना होता.) अकरा प्रश्न लिहून झाले तेव्हा मला पहिल्यांदा कळले की, अडीचशे नव्हते. अकरा होते. अकरा म्हणजे काही थोडे नव्हेत, पण एका पानावर मावले.

नवव्या दिवशी रिपोर्ट हातात पडला. दुखणे होतेच. लवकर सापडले होते, एवढे डॉक्टर दोनदा म्हणाले. ऑपरेशन झाले, मग रेडिएशनच्या फेऱ्या झाल्या, एस.टी.च्या कंडक्टरला आमची जागा पाठ झाली. रेडिएशनच्या खोलीत तिला एकटीलाच जावे लागे. दार मोठे, जाड, आपोआप लागणारे. मी बाहेर बाकावर बसून असे. पहिल्या दिवशी ती दाराशी जाऊन थांबली आणि मागे वळून पाहिले. काय बोलावे मला सुचेना. तोंडातून निघून गेले, ''पुढं?'' बळदाची गोष्ट तिला लग्नापासून पाठ आहे. ती आत गेली.

आता दर सहा महिन्यांनी दाखवायला जावे लागते. तारीख जवळ आली की माझी गच्ची सुरू होते. भीती गेली असे मी म्हणणार नाही. ती आमच्याकडे भाडेकरू म्हणून राहते आणि सहामाही भाडे चुकवत नाही. वहीचे पान मात्र दर वेळी फाडले जाते. प्रश्न कमी कमी होत चालले आहेत. गेल्या खेपेला तीनच होते, आणि तेही तिने स्वतःच्या हाताने लिहून घडी घालून पर्समध्ये ठेवले होते, मला दाखवलेदेखील नाहीत.

डॉक्टरांनी घडी उलगडली. पहिला प्रश्न गोळीचा होता. दुसरा, पापड लाटले तर चालतील का, असा होता. तिसरा वाचून त्यांनी चष्मा कपाळावर सारला आणि कागद माझ्याकडे फिरवला. तिच्या वळणदार अक्षरात लिहिले होते, 'ह्यांना रात्री झोप का येत नाही?'

''काका,'' डॉक्टर म्हणाले, ''जरा इकडं खुर्चीवर या. बाही वर करा.''